परदेशी पाहुण्याला अकरा नंबरच्या बसने मुंबई दाखवताना

परदेशी जावई, लेकीची मैत्रीण, ऑफिसातला जर्मन सहकारी, सहा महिन्यांसाठी आलेली जपानी विद्यार्थिनी. असं कुणी घरी आलं की आपल्याकडे कार्यक्रम ठरलेला असतो. गाडी काढायची, एसी लावायचा, काचा वर करून गेटवे ते मरीन ड्राइव्ह फिरवून आणायचं. पाहुणा सुखरूप घरी येतो, पण मुंबई त्याच्या हाताला लागत नाही. दक्षिण मुंबई हा पायी फिरण्याचाच भाग आहे. नवख्या परदेशी माणसाला तिथे चालवायचं कसं, आणि पुढे त्याला एकट्याला सोडायचं कसं, याची ही तयारी.

एक गोष्ट आधीच मान्य करून टाका. गोरा, काळा, पिंगट केसांचा, सव्वासहा फूट उंचीचा, कसाही असो, पाहुणा लोकांच्या डोळ्यांत भरणारच. कुर्ता घालून तो गर्दीत मिसळत नाही, फक्त कुर्ता घातलेला परदेशी दिसतो. तेव्हा लपण्याच्या खटपटीत वेळ घालवू नका. माणसांचा त्रास त्याला तीन-चार ठरावीक जागी होतो. रस्त्याचा त्रास मात्र सगळीकडे होतो. भीती बहुतेकांना पहिल्याची वाटते आणि लागतं-खुपतं ते दुसऱ्यामुळे.

मार्ग आणि वेळ

पहिल्या फेरीसाठी हा रस्ता धरा: गेटवे, काळा घोडा, हुतात्मा चौक, हॉर्निमन सर्कल, सीएसएमटी, क्रॉफर्ड मार्केट, मंगळदास मार्केट, मुंबादेवी, भुलेश्वर, सी. पी. टँक, खोताची वाडी, गिरगाव चौपाटी. गल्लीबोळ धरून सहा-सात किलोमीटर होतात. बसणं-खाणं धरून सहा तास ठेवा.

हा क्रम उलटा करू नका. मागे लागणारी माणसं पहिल्या अर्ध्या किलोमीटरमध्येच आहेत, गेटवे आणि कुलाबा कॉजवेवर. सकाळी सव्वासातला तिथे फेरफटका मारणारे, कबुतरं आणि एलिफंटाच्या बोटींची तयारी करणारे एवढेच असतात, आणि पाहुणाही ताजातवाना असतो. तीच जागा संध्याकाळी सहाला, थकलेल्या पायांनी गाठली तर दहा मिनिटांत त्याचा जीव नकोसा होतो. पुढे भुलेश्वरात गर्दी दसपट असते, पण तिथे प्रत्येकाला आपला धंदा पडलेला असतो. परदेशी माणसाकडे बघायला कुणाला फुरसत नसते.

वार शनिवार घ्या. रविवारी फोर्ट सुनसान आणि सुंदर असतो, पण मंगळदास मार्केट बंद असतं. इतर दिवशी सकाळी नऊ ते अकरा सीएसएमटीतून माणसांचा लोंढा बाहेर पडतो. एलिफंटा जोडायचा विचार असेल तर वेगळा दिवस काढा, आणि सोमवार टाळा, कारण लेणी तेव्हा बंद असतात. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जून ते सप्टेंबर हा रस्ता नवख्यासाठी नाही. पाणी साचलं की फुटपाथ कुठे संपतो आणि गटार कुठे सुरू होतं हे मुंबईकरालाही कळत नाही. होळीच्या आसपासचे दिवसही टाळा. फुगे मारणाऱ्या पोरांना परदेशी माणसासारखं ठळक निशाण दुसरं मिळत नाही.

मध्येच सोडून द्यावं लागलं तर? ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो तीन पूर्ण धावते, आणि तिची हुतात्मा चौक, सीएसएमटी, काळबादेवी आणि गिरगाव ही स्थानकं याच रस्त्याच्या आसपास आहेत. पाहुण्याच्या नकाशावर ती आधीच खूण करून ठेवा. रिक्षा या भागात नाहीत. काळी-पिवळी टॅक्सी मीटरने किमान ३१ रुपये घेते. बसण्याआधी ‘मीटर’ एवढा एकच शब्द बोलायचा. मान नकारार्थी हलली तर वाद न घालता पुढची टॅक्सी.

आदल्या दिवशी

पाहुणा तुमच्या घरी उतरला असेल तर त्याची नोंद यजमानाने २४ तासांच्या आत ऑनलाइन करायची असते. ‘फॉर्म सी’ म्हणून ती ओळखली जाते. हॉटेलवाले ती आपसूक करतात, घरचे यजमान सर्रास विसरतात.

मूळ पासपोर्ट घरी कुलपात. सोबत पासपोर्ट आणि व्हिसाची झेरॉक्स, शिवाय फोनमध्ये फोटो.

त्याच्या बॅगेत दोन वस्तू आहेत का ते जरूर विचारा. डोंगर चढणारे परदेशी लोक उपग्रहावर चालणारा फोन किंवा संदेशयंत्र बाळगतात. भारतात ते परवानगीशिवाय जवळ ठेवणं गुन्हा आहे, आणि त्यापायी विमानतळांवर लोक अडकलेले आहेत. दुसरी वस्तू व्हेप, म्हणजे ई-सिगारेट. २०१९ च्या कायद्याने तिची आयात, विक्री, साठवण बंद आहे. त्यांच्याकडे ती कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते, त्यामुळे यात काही चुकतंय हे त्यांच्या डोक्यातही येत नाही. ड्रोन आणला असेल तर तो कपाटातच राहू दे.

पैशांचं गणित बाजारात नाही, घरीच सोडवा. एटीएम पाचशेच्या नोटा देतं आणि शहाळेवाल्याकडे पाचशेची मोड नसते. दहाच्या वीस, वीसच्या वीस, पन्नासच्या दहा आणि शंभरच्या चार नोटा, असे पंधराशे रुपये सुटे करून द्या. दहा-वीसच्या नोटा वरच्या खिशात, बाकीच्या आत. गर्दीत पाकीट उघडून नोटा मोजत उभं राहायचं नाही, एवढा एक नियम पाळला तरी निम्मी काळजी मिटते. मागच्या खेपेच्या उरलेल्या नोटा असतील तर तपासा. २०१६ मध्ये रद्द झालेल्या जुन्या पाचशे-हजाराच्या नोटा घेऊन ऐटीत येणारे पाहुणे अजूनही भेटतात. दोन हजाराची गुलाबी नोटही २०२३ पासून चलनातून काढून घेतलेली आहे. सुटे परत घेताना ती कुणी हातात टेकवली तर घ्यायची नाही.

पायात पुढून बंद आणि सहज निघणारे बूट, आत मोजे. देवळात बूट काढावे लागतात आणि दुपारी फरशी तापते. लेस बांधत बसणारा माणूस देवळाच्या दारात वाट अडवतो. चपला-फ्लोटर्स नकोत. सुटलेला पेव्हर ब्लॉक पायाखाली फिरला की खालचं काळं पाणी थेट बोटांवर येतं. पाठीवरची सॅक लहान हवी आणि बाजारात ती छातीवर घ्यायची. चोरीपेक्षा हातगाडीसाठी, ते पुढे येईलच. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे. स्त्री असेल तर एक ओढणी: ऊन, धूळ, देऊळ, सगळ्याला चालते.

‘नको’ची तालीम

घरातून निघण्याआधी पंधरा मिनिटं याला द्या. इतर शब्द नंतर शिकता येतील.

परदेशी माणूस फेरीवाल्याला नकार देताना थांबतो, हसतो, डोळ्यांत बघतो आणि म्हणतो, ‘सॉरी, नो, थँक यू.’ यातली प्रत्येक कृती इथे उलटी वाचली जाते. थांबला म्हणजे वेळ आहे. हसला म्हणजे सौदा होऊ शकतो. सॉरी म्हणाला म्हणजे माणूस मऊ आहे. मग फेरीवाला शंभर पावलं मागे येतो, आणि पाहुण्याला वाटतं हे लोक किती हट्टी. हट्ट कसला, त्याला तीन वेळा हो ऐकू आलेलं असतं.

त्याऐवजी ‘नको’. हा शब्द मराठीने प्रवाशाला दिलेली देणगीच आहे. ‘नाही’ म्हटलं की चर्चा सुरू होते, ‘नको’ म्हटलं की संपते. पद्धत अशी: चाल तीच ठेवायची, नजर पुढे, हात कमरेपाशीच, तळवा खाली करून एकदा हलवायचा, आणि सपाट आवाजात ‘नको’. एकदाच. दुसऱ्यांदा म्हटलं तर पहिलं खरं नव्हतं असं ठरतं. ‘को’ लांबवायचा नाही. लांबवला की तो लाडिक होतो, आणि मग हसू येतं दोघांनाही.

त्यानंतर ‘किती?’, ‘बास’ आणि ‘जरा जाऊ द्या’ शिकवा. पुरुषाला भाऊ किंवा काका, बाईला ताई किंवा मावशी. परदेशी तोंडून ‘मावशी, किती?’ ऐकलं की भाजीवाली आधी हसते, मग भाव सांगते. भाव त्याने उतरतोच असं नाही, पण कोथिंबिरीची काडी वर पडते. काळबादेवी-भुलेश्वरात मात्र गुजराती, मारवाडी आणि मुंबईची हिंदी चालते, तिथे ‘भाई’ पुरतं.

टक लावून बघण्याबद्दलही आधी बोलून ठेवा. बऱ्याच देशांत अनोळखी माणसाकडे रोखून बघणं म्हणजे आव्हान. आपल्याकडे ते नुसतं बघणं असतं, रस्त्यावर जेसीबी खोदत असला तरी आपण तसंच बघतो. पाहुण्याने मान किंचित हलवायची आणि नजर काढून घ्यायची. उलट रोखून बघितलं तर गंमत वाटून आणखी चार जण थांबतात.

गेटवे ते काळा घोडा

गेटवेच्या आवारात शिरताना बॅग तपासतात. कमान पंचम जॉर्ज यांच्या १९११ च्या भेटीची आठवण म्हणून योजली आणि बांधून झाली १९२४ मध्ये. समोरचं ताज त्याआधीचं, १९०३ चं. म्हणजे ताजच्या पहिल्या पाहुण्यांनी गेटवे पाहिलाच नव्हता. बहुतेक परदेशी पाहुण्यांना हा क्रम उलटा वाटतो.

इथे भेटणारी मंडळी ओळखून ठेवा. गळ्यात कॅमेरा अडकवलेला छायाचित्रकार लगेच छापून फोटो देतो. धंदा सरळ आहे, मात्र भाव आधी आणि ‘एकच’ हे बोट दाखवून ठरवायचं, नाहीतर आठ प्रती हातात येतात. मनगटाला लाल दोरा बांधून कपाळाला टिळा लावणारा आधी बांधतो आणि मग दक्षिणा मागतो. हात खिशात ठेवून पुढे गेलं की दोरा बांधायला मनगटच मिळत नाही. कडेवर मूल घेतलेली बाई म्हणते, पैसे नकोत, बाळाला फक्त दुधाची पावडर घेऊन द्या. दुकान तीच दाखवते. महागडा डबा घेतला जातो, पाहुणा वळला की डबा परत फळीवर जातो आणि रक्कम वाटली जाते. कुलाब्यातला हा जुना प्रकार आहे आणि भल्या मनाचा माणूस त्यात हमखास सापडतो. कॉजवेवर ‘उद्या शूटिंग आहे, गर्दीत परदेशी चेहरे हवेत’ म्हणणाराही भेटतो. त्याचं काम कधी कधी खरं असतं, पण पर्यटक व्हिसावर मोबदला घेऊन काम करता येत नाही.

सेल्फी मागणारे लोक हे वेगळं प्रकरण. गेटवेवर सहलीला आलेली गावाकडची कुटुंबं असतात, त्यांना आठवण हवी असते. आजी-नातवंडांबरोबर एक फोटो द्यायला काहीच हरकत नाही. अडचण अशी की एका फोटोनंतर रांग लागते. म्हणून फोटो चालता चालता द्यायचा, संपला की त्याच दिशेने पुढे निघायचं. एकट्या स्त्रीकडे पाच-सहा तरुणांच्या टोळक्याने फोटो मागितला तर ‘नको’. खांद्यावर हात ठेवू द्यायचा नाही, कुणालाच.

रीगल सिनेमाचा चौक ओलांडून वस्तुसंग्रहालयाकडे या. तिकिटाच्या खिडकीवर भारतीय आणि परदेशी असे दोन दर असतात. एलिफंटाला भारतीयांना ४० रुपये आणि परदेशींना ६०० आहेत. पाहुण्याला हे आधी सांगितलं तर वाईट वाटत नाही, खिडकीवर कळलं तर वाटतं. पाहुण्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसांना मिळतं ते) असेल, म्हणजे अमेरिकेत वाढलेला तुमचा भाचा वगैरे, तर स्मारकं, संग्रहालयं आणि राष्ट्रीय उद्यानांत त्याला भारतीय दर लागू होतो. कार्ड सोबत हवं, नुसता मराठी आडनावाचा दाखला चालत नाही.

काळा घोडा चौकात आज जो घोडा आहे त्यावर स्वार नाही. स्वारासकटचा मूळ पुतळा १९६५ मध्ये हलवला, तो आता राणीच्या बागेत आहे. हा नवा २०१७ चा. जहांगीर आर्ट गॅलरीत प्रवेश मोफत आहे आणि स्वच्छतागृह आहे, पण ती अकराला उघडते. जवळच नौदलाच्या गोदीची भिंत आणि फाटकं आहेत. तिथे कॅमेरा खाली. उच्च न्यायालयाच्या आवारातही तेच.

रस्ता ओलांडणं

हा भाग वाचून सोडू नका. पाहुण्याला हुतात्मा चौकात प्रत्यक्ष दोन-तीन वेळा करून दाखवा.

आपल्याकडे वाहनं डावीकडून चालतात, म्हणून आधी उजवीकडे बघायचं. युरोप-अमेरिकेतल्या माणसाची मान आपोआप डावीकडे वळते आणि तेवढ्यात उजवीकडची टॅक्सी आलेली असते. एकेरी रस्ता असला तरी दोन्हीकडे बघायचं, कारण दुचाकीवाल्याच्या लेखी एकेरी ही सूचना असते. बेस्टच्या विजेवरच्या बसचा आवाज येत नाही. कानावर विसंबायचं नाही, आणि कानात इअरफोन तर नाहीच.

सिग्नल हिरवा झाला तरी डावीकडे वळणारी वाहनं थांबत नाहीत. चार स्थानिक माणसं ओलांडायला निघाली की त्यांच्या खांद्याला खांदा लावून निघायचं, आणि शक्यतो वाहनं येतात त्या बाजूला ती माणसं असू द्यायची. निघाल्यावर चाल एकसारखी. मोटरसायकलवाला तुमच्या वेगाचा अंदाज घेऊन तुमच्या मागून गाडी काढतो. तुम्ही घाबरून थांबलात किंवा एक पाऊल मागे आलात की त्याचा अंदाज चुकतो, आणि ठोकर बसते ती तेव्हाच. पळायचंही नाही. हात पुढे करून थांबवण्याची आपली सवय कारपुढे चालते. बसपुढे चालत नाही.

सीएसएमटी आणि चर्चगेटला भुयारी मार्ग आहेत, ते वापरा. सीएसएमटीच्या भुयारात मात्र बाहेर पडायला बरीच तोंडं आहेत. चुकीचं तोंड निवडलं तर माणूस चौकाच्या भलत्याच कोपऱ्यावर निघतो आणि परत खाली जावं लागतं. पाट्या वाचून, घाई न करता.

हुतात्मा चौक ते क्रॉफर्ड मार्केट

हा टप्पा सोपा. फुटपाथ रुंद, कमानींची सावली, त्रास देणारं कुणी नाही. फ्लोरा फाउंटन १८६४ चं, शेजारचं हुतात्मा स्मारक संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचं. हे राज्य मागताना इथे माणसं गोळीला बळी पडली हे पाहुण्याला जरूर सांगा, इंग्रजी माहितीपत्रकांत बहुधा कारंज्याचंच वर्णन असतं. एशियाटिक ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर (इमारत १८३३ ची) दहा मिनिटं बसा. मग सीएसएमटी. इमारत १८८८ च्या सुमाराची, २००४ पासून जागतिक वारसा यादीत. ती बघायची समोरच्या फुटपाथवरून, महापालिकेच्या बाजूने. स्थानकाच्या दारात मान वर करून उभं राहिलं की मागची गर्दी धक्के देत नेते, तिचा काही दोष नसतो.

इथे स्वच्छतागृहाचा वापर करून घ्या. पुढे भुलेश्वरच्या बोळांत सोय शोधत फिरावं लागतं, आणि स्त्रियांना ती मिळणं आणखी कठीण.

रस्ता विचारण्याची रीत इथेच शिकवा. ‘क्रॉफर्ड मार्केट इकडेच ना?’ असं विचारलं की समोरचा हो म्हणतो. त्याला पाहुण्याला नाराज करायचं नसतं, दिशा दुय्यम. म्हणून ‘क्रॉफर्ड मार्केट कुठे?’ असंच विचारायचं. दुकानात बसलेल्या माणसाला विचारायचं, रिकाम्या उभ्या असलेल्याला नाही, कारण रिकामा माणूस सोबत चालू लागतो. शंभर पावलांवर दुसऱ्याला विचारून खात्री करायची. पाटीवरचं अधिकृत नाव विचारून उपयोग नाही. महात्मा जोतिबा फुले मंडई म्हटलं तर चार जण विचारात पडतील, क्रॉफर्ड म्हटलं की लगेच हात दाखवतील. ‘मेट्रो’ मात्र जपून. जुन्या मुंबईकराला ते धोबीतलावचं सिनेमागृह वाटतं, नव्याला भुयारी गाडी.

क्रॉफर्ड मार्केटच्या (१८६९) दारावर थांबून वर बघा. शेतकऱ्यांची जी दगडी शिल्पं आहेत ती लॉकवुड किपलिंग यांची, म्हणजे ‘जंगल बुक’वाल्या किपलिंगच्या वडिलांची. शिल्पं बघत असतानाच एखादा पाटीवाला टोपली घेऊन शेजारी येतो आणि ‘मी दाखवतो’ म्हणतो. सामान उचलणं हा त्याचा खरा धंदा आहे. खरेदी करायची असेल तर हमाली ठरवून त्याला घ्या. नुसतं बघायचं असेल तर ‘नको’, कारण तो ज्या दुकानात नेईल तिथे त्याचं कमिशन भावात चढलेलं असतं. आणखी एक गंमत: तुम्ही स्वतः पाहुण्यासोबत असाल तर दुकानदार तुम्हालाही गाइड समजतो, आणि हळूच तुमचंही कमिशन विचारतो. रागावू नका, ‘घरचे आहेत’ म्हणा. भाव तिथल्या तिथे बदलतो.

मंगळदास, मुंबादेवी, भुलेश्वर

खरी मुंबई इथे आहे आणि खरी काळजीही. चोर-लुटारूंची नव्हे, हातगाडीची.

ही गाडी जवळून बघून घ्या. दोन लांब लाकडी दांडे, मध्ये दोन चाकं, वर कापडाच्या गाठी माणसाच्या डोक्याच्या वर रचलेल्या. ब्रेक नाही. पुढे ओढणारा पायांनी आणि अंगाच्या वजनाने गाडी आवरतो, मागून ढकलणाऱ्याला गाठींपलीकडचं काही दिसत नाही. भरलेली गाडी एकदा थांबली की पुन्हा हलवायला दोघांचा दम निघतो, म्हणून ते थांबत नाहीत, ओरडतात: ‘साइड! साइड!’ किंवा ‘लागेल, लागेल!’ हे दोन शब्द पाहुण्याला पाठ हवेत. ऐकू आलं की मागे वळून बघायचं नाही. जवळच्या दुकानाच्या पायरीवर चढायचं, गाडी जाऊ द्यायची, मग उतरायचं. परदेशी माणूस आवाज ऐकून वळतो, जागेवर उभा राहतो, आणि त्याची सॅक पाठीमागे फूटभर बाहेर आलेली असते. दांडा तिलाच लागतो आणि माणूस फिरून पडतो. सॅक छातीवर घ्यायला सांगितली ती यासाठी.

बोळात मधोमध थांबून फोटो काढायचा नाही. पायरीवर चढून, दुकानदाराला नजरेने विचारून काढायचा. डोक्यावर ओझं असलेल्या माथाडी कामगाराला फोटोसाठी थांबवणं हा तर अन्याय आहे, ते ओझं त्याच्या मानेवर असतं. झवेरी बाजारातल्या दुकानदारांना कॅमेरा आवडत नाही. विचारलं तर नाही म्हणतील, न विचारता काढला तर तंटा होईल. देवळात गाभाऱ्याचा फोटो नाही, बूट दाराशी फुलवाल्याकडे ठेवून दहा-वीस रुपये द्यायचे.

भुलेश्वरात पांजरपोळ बघा. १८३४ पासूनची ही गोशाळा बोळाच्या गर्दीत एवढी अनपेक्षित आहे की पाहुणे दारातच थबकतात. तिथून सी. पी. टँककडे गर्दी हळूहळू विरळ होते.

खाणं-पिणं

नियम एकच: समोर तळलं, उकळलं, भाजलं आणि वाफ निघतेय ते खायचं. कढईतून काढलेला वडा चालतो. वडापावातली सुकी लसणाची चटणी चालते, हिरवी पातळ चटणी नाही, कारण तिच्यात घातलेलं पाणी कुठलं ते कळत नाही. याच कारणाने पाणीपुरी, बर्फाचा गोळा, बर्फ घातलेला उसाचा रस आणि कापून ठेवलेली फळं पहिल्या आठवड्यात नाहीत. केळं आणि शहाळं कुठेही. उकळता कटिंग चहा निर्धास्त. पाण्याच्या बाटलीचं सील ऐकू येईल असं तुटलं पाहिजे.

मध्ये बसायचं असेल तर धोबीतलावचं १९०४ चं कयानी, ब्रून मस्का आणि चहा. जेवायला गिरगावात पोहोचा. विनय हेल्थ होमची मिसळ पाहुण्याला द्यायची तर कट वेगळा मागवा आणि चमच्याने घालू द्या. सहनशक्तीची परीक्षा पहिल्याच दिवशी नको.

ओआरएसची दोन पाकिटं सॅकमध्ये हवीत. मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. ते ग्लासभर पाण्यात घातलं तर क्षार फार तीव्र होतात आणि फायद्याऐवजी त्रास होतो. जुलाबाबरोबर ताप किंवा रक्त असेल तर डॉक्टर.

गिरगाव

खोताची वाडी हे लोकांचं घर आहे, संग्रहालय नाही. लाकडी व्हरांडे आणि बाहेरचे जिने बघायचे, अंगणात शिरायचं नाही, आवाज खाली. खिडकीतल्या माणसाचा फोटो न विचारता काढायचा नाही. जवळच केशवजी नाईकांची चाळ आहे, १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसवणारी. चौपाटीवर संध्याकाळी बसायला जा, पाण्यात उतरायला नको.

बिघडलं तर

कुठल्याही संकटात ११२. मुंबईत स्त्रियांसाठी १०३. रुग्णवाहिका १०८. पर्यटकांसाठी १३६३, जर्मन, फ्रेंच, जपानी, रशियन अशा भाषांतही बोलता येतं. गर्दीत कुणी अंगचटीला आलं तर स्त्रीने आपल्या मातृभाषेत, पण मोठ्याने ओरडावं. शब्द कळायची गरज नसते, आजूबाजूच्या बायका वळतात आणि पुढचं त्या बघतात.

कुत्रा चावला किंवा नुसतं ओरखडलं तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करायची. ‘छोटंसं आहे, मायदेशी गेल्यावर बघू’ हे चालणार नाही. या वाटेवर क्रॉफर्ड मार्केटजवळ जी. टी. हे सरकारी रुग्णालय आहे.

दुसऱ्या फेरीला एकटं सोडताना

तुम्ही बरोबर असताना पाहुणा तुमच्या पाठीकडे बघून चालतो, रस्ता शिकत नाही. म्हणून पहिल्या फेरीतच मंगळदासनंतर त्याला पुढे ठेवा आणि तुम्ही अर्धं पाऊल मागे, वाहनांच्या बाजूने चाला. त्याच्या वतीने घासाघीस करू नका, त्याचा ‘नको’ त्यालाच म्हणू द्या. एकटा जाईल तेव्हा लाइव्ह लोकेशन सुरू ठेवायला सांगा, पण दर दहा मिनिटांनी फोन करू नका. चौकाचौकात फोन काढणारा माणूस हरवलेला दिसतो, आणि हरवलेल्या माणसाला मदत करायला नको ते लोक येतात.

भेटायची जागा ‘सीएसएमटीला’ अशी कधीच ठरवू नका, त्या स्थानकात अर्धा तास सहज निघून जातो. क्रॉफर्ड मार्केटच्या घड्याळाखाली, एक वाजता. फोन बंद पडला तरी ते घड्याळ कुणीही दाखवतं.